तीन वाटा आणि एकच किल्ला

मित्रांनो, मी चौकटींच्या पानांची एक जुनी वही आहे. माझी गोष्ट ऐकायची असेल तर आधी हात धुऊन या. मला माणसांच्या हातांची किळस येते, आणि ती उगाच नाही.

छापखान्यात मला शिवले, पुठ्ठा चिकटवला. दुकानाच्या फळीवर मी वर्षभर धूळ खाल्ली आणि मग कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराने मला उचलले. माझी निम्मी पाने परक्या लोकांच्या जबड्यांच्या मापांनी भरली. कोणाच्या किती दाढा गेल्या, कोणाच्या हिरड्या कुठे झिजल्या, सगळे माझ्या अंगावर. त्यात हा गृहस्थ प्रत्येक पान थुंकी लावून उलटायचा. शी!

मग त्याला एका खेळाचे वेड लागले. या खेळात एक जण गोष्ट रचतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात, कुठे जायचे ते स्वतः ठरवतात, आणि बेत साधला की फसला हे फासा सांगतो. कारागिराने मनानेच एक अद्भुत राज्य रचायला घेतले. खेळणार होते तिघे: त्याची थोरली बहीण, कारखान्यातली पॉलिशवाली आणि साचे पोचवणारे काका. तिघांनीही वीस बाजूंचा फासा कधी पाहिला नव्हता. अशा नवख्यांसाठी याने काय लिहावे? बत्तीस राजांची वंशावळ! बत्तीसच का, ते त्याच्या धंद्यावरून ओळखा. माझ्या पानांवर बिस्किटांचा चुरा सांडत तो राजांमागून राजे जन्माला घालत होता.

त्याने प्लास्टरचा एक ड्रॅगनही बनवला. जबड्यात दात बसवले ते परत आलेल्या कवळ्यांचे. कोणाच्या तोंडातून परत आलेले, ते विचारू नका. पंधरा दिवस खपून केलेला हा ड्रॅगन सगळ्यांनी बघायलाच हवा, म्हणून त्याने माझ्यात लाल शाईने लिहिले: 'जंगल – किल्ला. नदी – किल्ला. खिंड – किल्ला. काहीही निवडले तरी किल्ला.' ड्रॅगन किल्ल्यात होता.

रविवारी दुपारी खेळ सुरू झाला. ताई वाटाड्या झाली होती. या ताईने बारा वर्षे वडिलांचे आजारपण काढले होते. घरात सगळे तिला विचारायचे आणि मग आपल्याच मनाचे करायचे. तीन वाटा समोर येताच तिने पंधरा मिनिटे मागून घेतली. पॉलिशवालीचा शिपाई जखमी होता, त्याला चालवत नेणे ताईला बरे वाटेना. शेवटी ती सगळ्यांना नावेत बसवून नदीने निघाली. किल्ला दिसला तेव्हा, आपण बरोबर वाट निवडली म्हणून, तिचा चेहरा असा फुलला, की मला स्वतःचीच किळस आली. ती लाल अक्षरे माझ्याच अंगावर होती.

पुढच्या रविवारी ती लवकर आली. कारागीर आत चहा टाकत होता. नकाशा पाहावा म्हणून तिने मला उघडले आणि नेमके तेच पान निघाले. तिने ते दोनदा वाचले. तो कप घेऊन बाहेर आला तेव्हा तिने तेच पान त्याच्यापुढे धरले.

"मी पंधरा मिनिटं विचार करत होते," ती म्हणाली. "तू तेव्हा काय करत होतास?"

"तुझं व्हायची वाट बघत होतो," तो म्हणाला. मग चाचरत त्याने सांगितले, की नवीन माणसे गोंधळतात, म्हणून सोपे केले.

"मी नवीन आहे रे, खुळी नाही. आपल्या घरी होतं तेच इथे करायचं असेल, तर मी कशाला येऊ?"

तिने पर्स खांद्याला अडकवली आणि चपला घालायला दाराशी गेली. मित्रांनो, त्या क्षणी त्याने मला धरले आणि टराटरा फाडायला घेतले. लाल पान गेले, नकाशे गेले, बत्तीसच्या बत्तीस राजे गेले. माझी शिवण उसवली. एवढे हाल माझे कधी झाले नव्हते. ड्रॅगन त्याने कपाटात टाकला.

"आता पुढे काय आहे, ते मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "तू सांग, ताई."

तिचा एक पाय चपलेत होता, तो तिने बाहेर काढला.

"नाव वळव," ती म्हणाली. "किल्ल्यात जायचंच नाही आम्हाला. आधी त्या शिपायासाठी वैद्य शोधायचा."

मग ती येऊन बसली. कारागिराने पेन उचलले, पण लिहिले काहीच नाही. तो नुसता ऐकत राहिला.

आता माझी जेमतेम वीस पाने उरली आहेत, तीही सुटी होऊ पाहतात. मित्रांनो, वह्यांना जपा, पाने फाडू नका, हे मी सांगणारच. पण कुणाला 'कुठे जायचं?' असे विचाराल, तर त्याचे उत्तर येईपर्यंत पुढचे पान कोरे ठेवा.