मोठ्याने बोल

राबिगा वकीलबाईचं आणि माझं कधीच पटलं नाही. पक्षकार रडायला लागला की ती थर्मासमधला चहा काढायची आणि पेला रिकामा होईपर्यंत कागदाला हात लावायची नाही. कधी कधी तर माझ्याही पक्षकाराला पाजायची! "वकिली करतेस की टपरी टाकलीयस?" मी सगळ्यांदेखत टोमणा मारायचो. ती मलाही पेला पुढे करायची. मी घेत नसे.

त्या दिवशी खटला आयकेरिमचा होता. पहिलं नातवंड आजीच्या पदरात घालायचं ही आमची रीत. तशी ही पोर चाळीस दिवसांची असताना बाल्झिया आजीकडे आली आणि तिथेच वाढली. आता बाप वारला होता. आई नाझिमला शिमकेंत शहरात नोकरी लागली होती आणि तिला पोर परत हवी होती. मी आजीचा वकील, राबिगा आईची. पोरीला दहा वर्षं पूर्ण झाली होती, म्हणजे कुणाकडे राहायचं ते कोर्ट तिलाच विचारणार. सगळ्यांसमोर विचारा, असा अर्ज मीच दिला होता. उत्तर मला ठाऊक होतं.

पुकारा व्हायच्या आधी राबिगाने मला व्हरांड्यात गाठलं. वडीलधारा म्हणून ती मला 'आगा' म्हणायची.

"तोलेगेन आगा, अर्ज मागे घ्या. न्यायाधीशबाई तिला आत एकटीला विचारतील."

"का गं? हरायची भीती वाटते?"

"हरले तरी चालेल. आईच्या तोंडावर नको."

"इतकं लोण्यासारखं मन असेल तर ते घरी ठेवून यावं माणसाने."

ती हसली नाही. "दहा वर्षांची असताना मी याच कोर्टात उभी होते. मलाही आजीनेच वाढवलेलं. 'आजीकडे' म्हटलं, पण इतकं हळू, की मागे बसलेल्या आईला ऐकूच गेलं नाही. टाइपरायटरवर एक तरुण कारकून होता. तो म्हणाला, 'मोठ्याने बोल.' परत म्हणाला, 'मोठ्याने.' तिसऱ्यांदा मी ओरडले. आई उठून गेली, ती मला पुन्हा कधी भेटायला आली नाही."

वकील होण्याआधी त्या टाइपरायटरवर मीच बसायचो. खरं सांगतो, ती पोर मला आठवतही नव्हती, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

"तुला माहीत होतं, मीच तो?"

"पहिल्या दिवसापासून."

आणि तरी ती मला चहा विचारत आली होती! मी काही बोलणार, तोच पुकारा झाला.

आयकेरिम माझ्या टेबलापासून दोन पावलांवर उभी राहिली. वेणीला शाळेतले पांढऱ्या रिबिनीचे बो. न्यायाधीशबाईंनी विचारलं. पोरीने ओठ हलवले.

"आजीकडे."

फक्त मला ऐकू आलं. खटला खिशात होता.

"मोठ्याने बोल, बाळ," कारकूनबाई म्हणाली.

पोरीने वळून आईकडे पाहिलं. मी ताडकन उठलो.

"पाच मिनिटं द्या. पक्षकाराशी बोलायचंय."

बाल्झिया आजीच्या कानाशी वाकलो. "आजी, तिने तुमचं नाव घेतलंय. आता तेच तिच्या आईसमोर तिच्याकडून ओरडून घ्यायचं का? तुम्ही म्हणाल तसं करतो."

म्हातारी रुमालाचं टोक पिळत बसली. ती 'हो' म्हणेल अशी मला भीती वाटत होती.

"माझंच ना? नक्की?"

"नक्की."

तिने पोरीकडे बराच वेळ पाहिलं. "मग पुरे. मला ऐकायचं होतं ते मिळालं. शाळा आईकडे, सुट्ट्या माझ्याकडे. लिही तसं. आणि पोरीला आधी बाहेर ने, रडवाल तिला."

तडजोडीवर सह्या झाल्यावर व्हरांड्यात नाझिमने माझी बाही धरली. डोळे लाल झालेले.

"आगा, तुम्ही जवळ होतात. काय म्हणाली ती?"

तिच्या मागे राबिगा उभी होती, हातात थर्मास. ती माझ्याकडेच बघत होती.

"फार हळू बोलली गं," मी म्हणालो. "मला ऐकू आलं नाही."