पॅरामॅटाच्या वकिलांच्या खोलीतला बोर्ड

मी बोर्ड बोलतोय. सिडनीतल्या पॅरामॅटाच्या फेडरल कोर्टात वकिलांची एक खोली आहे. तिथं दाराच्या उजव्या हाताला मी बावीस वर्षं टांगलेला होतो. अंग बुचाचं, कडा लाकडाच्या. मला वाचता येत नाही. तरी अंगावर काय लागलंय ते मला कळायचं, कारण वाचताना बरेच लोक ओठ हलवतात.

कोणत्या जजचा निरोपसमारंभ, कोणता नियम बदलला, गुरुवारच्या व्याख्यानाला सँडविच आहेत की नुसताच चहा, सगळं आधी माझ्याकडं यायचं. एकमेकांना कधी हार न जाणारे वकील खालचा कागद वाचायला माझ्यापुढं कमरेत वाकायचे. सांगायला हरकत नाही, मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

मग बातम्या ईमेलनं जायला लागल्या. तरी कचेरीतले भास्करकाका प्रत्येक बातमी छापून मला लावायचेच. "मेल उडून जातो, कागद टिकतो," म्हणायचे.

मग कोरोना आला. जज घरून बसू लागले, सुनावण्या पडद्यावर. खोलीत खुर्च्या दोनच उरल्या. ऑक्टोबरात हुकूम आला, बोर्डापुढं गर्दी होते, काढून टाका. आता गर्दी कसली? सहा महिन्यांत माझ्यापुढं कोणी उभं राहिलं नव्हतं.

भास्करकाका स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, त्या सकाळी खोलीत सुखदा नावाची तरुण वकील होती. घरचं नेट धड नाही म्हणून सुनावणीला इथूनच बसणार होती. सोबत तिचा पक्षकार चंद्रहास, ब्लॅकटाउनचा आचारी. त्याचा व्हिसा नाकारला होता, त्याविरुद्ध त्यानं कोर्टात अर्ज केला होता. आज वकील हजर नसला की अर्ज फेटाळला जाणार, आणि बायकोमुलीला घेऊन त्याला देश सोडावा लागणार.

"मॅडम, दहा वाजत आले. लिंक उघडायची ना?"

"रिलॅक्स. जज ब्रिस्बेनचे आहेत. आपली घड्याळं उन्हाळ्यासाठी रविवारी तासभर पुढे गेली, त्यांची नाही. त्यांचे दहा म्हणजे आपले अकरा. कॉफी घ्या."

"तुम्ही घ्या. मी सुनावणी झाल्यावर घेईन."

इकडं काका माझ्या टाचण्या उपसत होते. वाचल्याशिवाय कागद काढायचा नाही, हा त्यांचा नेम. मास्कमधून सावकाश, मोठ्यानं वाचत होते. "योगवर्ग रद्द... वार्षिक जेवण रद्द... ब्रिस्बेनहून होणाऱ्या सुनावण्यांची दिलेली वेळ सिडनीची समजावी..."

सुखदाचा कप हातातच राहिला.

"काका, परत वाचा."

"दिलेली वेळ सिडनीची समजावी. का गं? मेल आला असेल की तुला."

"माझ्याकडे चारशे न वाचलेले मेल आहेत हो!"

दहाला तीन मिनिटं होती. तिनं लॅपटॉप उघडला, मास्क काढून कॉलर नीट केली. पडद्यावर जज आले तेव्हा ती ताठ बसली होती. चाळीस मिनिटं ती बोलली. चंद्रहासनं एवढा वेळ श्वास तरी घेतला की नाही, कोण जाणे.

संपल्यावर त्यानं काकांना हात जोडले.

"मला काय जोडता? मी नुसतं वाचलं. होतं याच्यावर," म्हणत काकांनी मला पुढं धरलं.

बोर्डाचे आभार कसे मानतात ते त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्या कडेला बोटं लावून कपाळाला लावली. आणि लगेच सॅनिटायझर घेतलं. काय करणार, दिवसच तसे होते.

आता मी सामानाच्या खोलीत आहे, तोंड भिंतीकडं करून. काही महिन्यांनी काका खुर्ची न्यायला आले होते. जाता जाता मला म्हणाले, "अरे, त्या आचाऱ्याचा अर्ज मान्य झाला. व्हिसाचा आता नव्यानं विचार होणार. मुलगी शाळेत जातेय."

मला परत टांगाच, असा माझा हट्ट नाही. तेवढं माझं तोंड जरा उजेडाकडं करून ठेवा. आणि कुठं एखादा जुना कागद काढायची वेळ आली, तर काढण्याआधी मोठ्यानं वाचा. खोलीत कोण बसलंय, सांगता येत नाही.