सरोजबाईंनी वाचलेली पत्रं

करिश्मा ओहोळ विठ्ठलवाडीहून कळव्याला आली ती हातात सामानाची यादी घेऊनच. येत्या बुधवारी तिचं विमान होतं. उत्तर इंग्लंडातल्या ज्या मिशनच्या घरी वर्षभर सेवा करून आसावरी आढाव आठच दिवसांपूर्वी परतली होती, तिथेच आता करिश्माला त्यांच्या चर्चची मंडळी पाठवत होती. पोरगी एकवीस वर्षांची, आनंद तोंडावर मावत नव्हता. पाण्याचा ग्लास हातात धरूनच तिने विचारलं,

"ताई, तिकडच्या मुलांना पेन्सिली आवडतील की चॉकलेटं? मी पन्नास पेन्सिली घेतल्यात, पण मम्मी म्हणते कमी पडतील."

"कुठली मुलं?" आसावरी म्हणाली.

"अगं, तुझी मुलं! रविवारी तुझ्याभोवती जमायची ती. तो लाल केसांचा पोरगा नाही का, ज्याला तू आपलं मराठी गाणं शिकवलेलंस? पत्रात होतं ना तुझ्या. सरोजकाकूंनी वाचलेलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं."

आसावरीच्या पत्रात लाल केसांचा पोरगा नव्हता. काळ्या केसांचाही नव्हता. वर्षभरात तिने एका मुलाला एक अक्षर शिकवलं नव्हतं, कारण त्या मिशनच्या घरात मूलच नव्हतं. डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या अठरा खोल्या होत्या, आणि त्या खोल्यांच्या चादरी, बेसिनं आणि संडास होते. पहिल्याच दिवशी तिथल्या व्यवस्थापक बाईंनी 'नीट राहावा म्हणून' तिचा पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली. सुवार्तेचं काम म्हणाल तर एका रविवारी तिला साडी नेसवून गावच्या चर्चमध्ये उभं केलं, 'तुझ्या भाषेत' प्रार्थना म्हणायला लावली आणि फोटो काढला. वर्षभरातलं मिशन ते तेवढंच.

आणि हे तिने लपवलं थोडंच होतं! त्यांच्या मंडळीचा जुना रिवाज असा, की सेवेला गेलेल्या माणसाने महिन्याला एक पत्र लिहायचं आणि पहिल्या शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभेत ते मोठ्याने वाचलं जायचं. पत्र मंडळीचं, घरच्यांचं नव्हे. आसावरी दर महिन्याला वहीत हाताने लिहायची आणि पानाचा फोटो सभेत वाचायला आईला पाठवायची. फोनवर रडली तर आई म्हणायची, "पत्रात लिही, मंडळी प्रार्थना करील." मग ती पत्रात लिहायची. मला परत बोलवा, असं तिने चार वेळा लिहिलं. आईमार्फत उत्तर एकच यायचं: आम्ही सर्व तुझ्यासाठी प्रार्थना करत आहोत. वर्षभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात तिने त्या सगळ्या प्रार्थना करणाऱ्यांवर दात-ओठ खाल्ले होते. परत आल्यावर आठ दिवस ती मंडळीतल्या कुणाच्या सलामाला नीट सलाम म्हणाली नव्हती. आणि आता ही पोरगी पेन्सिली मोजत होती!

तिने करिश्माला सगळं सांगितलं. करिश्माचा चेहरा आधी पडला आणि मग घट्ट झाला.

"मग काकूंनी वाचलेलं ते काय होतं? सरोजकाकू खोटं वाचतील?" तिने यादीची घडी घातली. "ताई, तू जाऊन आलीस. आता मी जातेय तर तुला एवढं का लागतंय?"

ती चहाला थांबलीसुद्धा नाही.

यात तिची चूक नव्हती. सरोजबाई, आसावरीची आई, म्हणजे नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाई. पंचवीस वर्षं ठाण्याच्या चर्चमध्ये दर रविवारी शास्त्रपाठ त्याच वाचत आल्या. त्या वाचायला उभ्या राहिल्या की चुळबुळणारी पोरंही गप्प बसत. आसावरीचे वडील गेल्यानंतर त्या बाईजवळ उरलं होतं ते हेच, तिचा आवाज आणि त्या आवाजावरचा लोकांचा विश्वास.

आईच्या कपाटात फाइल सापडायला आसावरीला दोन मिनिटं लागली. सरोजबाईंनी बाराही पत्रं स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढली होती, समासासकट. लाल केसांचा मुलगा तिसऱ्या पत्रात होता. सहाव्यात त्याला बहीण झाली होती. दहाव्यात गावातल्या एका आजारी म्हातारीने आसावरीचा हात धरून डोळे मिटले होते. आसावरी उभ्या उभ्या वाचत गेली आणि तिचे कान तापत गेले. आई मंडईतून आली तेव्हा ती फाइल घेऊन दारातच उभी होती.

सरोजबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. कांगावा केला नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

"पहिल्या पत्रातली मी एकच ओळ सोडली," त्या म्हणाल्या. "संडास धुण्याची. जाईबाईंच्या घरी सभा होती. वाजतगाजत पाठवलं होतं गं आपण तुला. त्या सगळ्यांसमोर जीभच वळेना माझी."

"आणि मग?"

"मग पुढच्या महिन्यात बायका विचारू लागल्या, मुलांचं काय? मुलं किती? म्हणून एक मूल घातलं."

"लाल केसांचं."

"हो," सरोजबाई म्हणाल्या.

आसावरीला हसू आलं आणि त्या हसण्याचाच तिला इतका संताप आला, की तिने फाइल भिंतीवर भिरकावली. "तापाने फणफणले होते मी, आई! तुझी मंडळी टाळ्या वाजवत होती! मी वर्षभर त्यांना शिव्या देत होते, आणि त्या बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं! करिश्मा बुधवारी जातेय, कळतंय का तुला? आज फोन कर तिच्या घरी."

"करिश्मा धीट आहे. तिला कदाचित वेगळा अनुभव येईल."

"आई!"

"मी पंचवीस वर्षं तिथे उभी राहून देवाचं वचन वाचते आहे," सरोजबाईंचा आवाज पहिल्यांदाच कापला. "त्याच तोंडाने सांगू, की खोटं वाचलं म्हणून? उद्या माझ्या तोंडून शास्त्रपाठ कोण ऐकेल? झाकली मूठ सव्वा लाखाची, आसा. तू परत आलीस ना सुखरूप? मग झालं."

"तुझी मूठ झाकलेली राहावी म्हणून त्या पोरीने वर्षभर परक्यांचे संडास धुवायचे?"

सरोजबाईंनी पिशवी उचलली आणि त्या मेथी निवडायला बसल्या. दोन दिवसांत ओहोळांच्या घरी त्यांचा फोन गेला नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. पहिल्या बाकावर करिश्मा गळ्यात हार घालून बसली होती, शेजारी तिचे वडील आनंद ओहोळ नवा कोट घालून. आज तिची पाठवणी. चर्चच्या पाळकसाहेबांनी कौतुकाने आसावरीला साक्षीला बोलावलं. वर्षभराची सेवा, देवाने केलेली कृपा, मंडळीतल्या धाकट्या बहिणीला चार शब्द. आसावरी वही घेऊन पुढे गेली.

"मी बोलले तर तुम्हाला वाटेल, हिला करिश्माचा हेवा वाटतो," ती म्हणाली. "माझी पत्रं नेहमी आईनेच वाचली आहेत. आजही तीच वाचेल. हे फेब्रुवारीचं."

मंडळीत आनंदाची कुजबुज झाली. सरोजबाई तिसऱ्या बाकावर होत्या. सगळ्यांच्या माना वळल्यावर त्यांना उठावंच लागलं. त्या आल्या, चष्मा लावला आणि वहीवर नजर टाकली. हे आपलं अक्षर नाही हे त्यांना लगेच दिसलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने नजर हटवली नाही.

"माझ्या प्रिय मंडळीस सप्रेम सलाम," सरोजबाईंचा तो भरदार आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "इथे थंडी फार आहे. सकाळी खिडकीवर बर्फ असतो. देव तुम्हा सर्वांचे रक्षण करो. तुमची आसावरी."

त्यांनी वही मिटली.

आसावरीच्या डोक्यात सणक गेली. इथेसुद्धा! त्या वेदीपुढे, तिच्या डोळ्यांदेखत!

"आई, मधल्या ओळी राहिल्या," ती म्हणाली आणि तिने वही पुन्हा उघडून आईसमोर धरली. "इथून वाच."

पाळकसाहेब अर्धवट उठले आणि काय करावं न कळून तसेच राहिले. सरोजबाईंनी वाचनाच्या टेबलाची कड धरली.

"चार दिवस मला ताप आहे," त्या वाचू लागल्या. आवाज खाली आला होता, पण शब्द स्पष्ट होते. शिक्षिकाच ती, पुटपुटणं तिला जमणारं नव्हतं. "काल बाईंनी दाराबाहेर बादली ठेवली आणि म्हणाल्या, दोन खोल्यांचे संडास राहिले आहेत. मी धुतले. मग तिथेच फरशीवर बसले. इथे मुले नाहीत. शिकवण्याचे काम नाही. माझा पासपोर्ट त्यांच्याकडे आहे. तुम्ही प्रार्थना करता हे मला माहीत आहे, पण प्रार्थना पुरे झाली. कृपा करून मला परत बोलवा. माझ्यानंतर इथे कुणालाही पाठवू नका."

कुणी 'आमेन' म्हटलं नाही. आनंद ओहोळ पाळकसाहेबांकडे बघत होते आणि पाळकसाहेब जमिनीकडे. करिश्मा उठली. तिने गळ्यातला हार काढून बाकावर ठेवला.

"सरोजकाकू," ती म्हणाली, "दर महिन्याला किती ओळी सोडत होतात?"

सरोजबाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे कोरडेच होते.

"खऱ्या होत्या तेवढ्या," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी घाईघाईने गीताचा क्रमांक सांगितला. पेटीवाल्याने भाता ओढला. सरोजबाई खाली उतरायला वळल्या आणि क्षणभर आसावरीच्या मनात आलं, हात द्यावा. तिने दिला नाही. तिने वहीचं पहिलं पान उघडलं आणि ते आईसमोर ठेवलं.

"पेटी थांबवा," ती म्हणाली. "अजून अकरा आहेत."