मागे आई, पुढे जावई

लग्नाची व्यवस्था बघणारी बाई नको, असं नाबातांझीने सांगितलं तेव्हा तिच्या आत्याने कपाळाला हात लावला. "अगं, हल्ली बारशालासुद्धा लोक माणूस नेमतात," आत्या म्हणाली. "तू स्वतःच्या लग्नात नटायचं की पातेली मोजायची?"

"दोन्ही करीन," नाबातांझी म्हणाली.

तिचंही चुकत नव्हतं. कंपालातल्या एका मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची आणि शाळेचं वेळापत्रक नऊ वर्षं तीच लावत होती. चौतीस शिक्षक, एकवीस वर्ग, प्रयोगशाळा एकच, आणि दोन मास्तर असे की ज्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नाही. एवढं लटांबर जी बाई एका कागदावर बसवते तिला एक क्वांजुला, म्हणजे मुलीकडच्या अंगणातलं लग्न, काय जड? मुलाकडची मंडळी येणार, अंगणात बसणार, दोन्हीकडचे बोलके लोक तासभर एकमेकांची टर उडवणार, आत्या मांडवातून नवरा हुडकून काढणार, मग भेटीच्या टोपल्या, मग जेवण. तिने कागद आखला. डावीकडे वेळ, मधे काम, उजवीकडे गाडी. सात रंगांच्या पेनांनी. तो कागद बघून आत्याने आपला हट्ट सोडला.

कागदात बसत नव्हती ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे तिची आई. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती, त्यामुळे क्वांजुला म्पिगीला थोरल्या काकांच्या अंगणात व्हायची होती. आई तिच्या माहेरच्या गावी, बुवामाच्या आतल्या बाजूला राहायची. दोन वर्षांपूर्वी नाबातांझीने तिला सेमांडाबद्दल सांगितलं. मुलगा शिकलेला आहे, पाण्याच्या टाक्या बसवायचा त्याचा धंदा आहे, वागायला फार चांगला, तुझ्याबद्दल फार आदर आहे त्याला. आई शेंगदाणे कुटत होती. ती म्हणाली, "तुला पसंत आहे ना, झालं मग." आता या आईचं 'झालं मग' म्हणजे काहीच झालेलं नसतं, हे घरातल्या कोंबड्यांनाही ठाऊक. नंतरच्या दोन वर्षांत नाबातांझीने सेमांडाच्या गुणांची यादी वाढवत नेली आणि आई तेवढ्याच वेळा "झालं मग" म्हणाली. काका हो म्हणाले होते, आत्या हो म्हणाली होती, कुळातले म्हातारे हो म्हणाले होते. तिला हवं होतं ते आईचं, आणि तेच मिळत नव्हतं.

आईने एक मात्र कबूल केलं होतं. लुवोंबो ती करणार. केळीच्या पानात बांधून वाफवलेली कोंबडी आणि शेंगदाण्याचा रस्सा, तेही स्वतःच्या चुलीवर, दिराच्या स्वयंपाकघरात नाही. म्हणून कागदावर लिहिलं गेलं: आठ वाजता, गाडी क्रमांक दोन, बुवामाहून चटया, आई, पातेली. गाडी म्हणजे सेमांडाचा टाक्या वाहायचा पिकअप, आणि चालवणार होता त्याचा धाकटा भाऊ लुले.

सकाळी आठला दहा कमी असताना सेमांडाचा फोन आला. "लुले संडासात आहे. पहाटेपासून. काल रात्री त्याने काय खाल्लं ते त्यालाच माहीत, आता बाहेर यायचं नाव नाही."

नाबातांझीच्या केसांत तेव्हा अकरा चिमटे होते. तिने डोळ्यांसमोर कागद आणला. गाडी दोन रिकामी, चालक नाही. वर्गावर मास्तर नाही म्हणजे मोकळा मास्तर पाठवायचा, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. "तू जा," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोण? बाकीचे मिनीबसमध्ये बसलेत ना? नवरदेवाचा पायघोळ कांझू घालून तयारच आहेस. आत्ता निघ."

"अगं पण मी कसा..."

"सेमांडा, आठ वाजतायत." आणि तिने फोन ठेवला.

आत्या तिच्या गोमेसीचा, उंच खांद्यांच्या त्या पायघोळ झग्याचा, पट्टा बांधत होती. तिचे हात थांबले. "कोणाला पाठवलंस?"

"सेमांडाला."

"कोणाला आणायला?"

"आईला," नाबातांझी म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

"सासू आणि जावई एका गाडीत!" आत्या जमिनीवरच बसली. "अगं, जावयाचा नुसता धक्का सासूला लागला तर दोघांचे हात जन्मभर थरथरतात. माझ्या मावसभावाला चहाचा कप धरता येत नव्हता शेवटी. ती बाई नेमली असतीस तर पहिल्या दिवशी हेच विचारलं असतं तिने, सासू कुठे आणि जावई कुठे!"

वेळापत्रकात वेळ असते, काम असतं. कोणी कोणासमोर यायचं नाही याला त्यात रकाना नसतो. भांडकुदळ मास्तरांना नऊ वर्षं वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवणाऱ्या बाईने आपल्या आईला आणि नवऱ्याला एका पिकअपमध्ये घातलं होतं. तिने सेमांडाला फोन केला, तो लागला नाही. आईला केला, तोही नाही. मैलभर आत गेलं की तिकडे फोन लागला तर लागला.

पाऊण तासाने आईचा फोन आला. आवाज थंड होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"गाडी आली आहे," आई म्हणाली. "आत कोण आहे ते मी बघितलेलं नाही. मी केळीकडे तोंड करून उभी आहे."

"आई, माझं चुकलं. तू मोटरसायकल बघ, पातेली तो आणेल."

"पातेली जिथे, मी तिथे. पहाटे दोनला उठून बांधलंय सगळं. खड्ड्यात एक पान सुटलं तर रस्सा गेला. मी मागे बसते, पातेल्यांजवळ, उघड्यावर. तोंड मागच्या फळीकडे. नाहीतरी तुझ्या कागदावर मी चटया आणि पातेल्यांच्या मधेच आहे. आत्याने वाचून दाखवला मला फोनवर."

नाबातांझीने आत्याकडे बघितलं. आत्या चिमटे शोधू लागली.

"त्याला सांग, मधला आरसा फिरवून ठेव. आणि मला काही सांगायचं असेल तर मी तुला सांगेन, तू त्याला सांग. मी त्याच्याशी बोलणार नाही. रीत आहे."

अशी ती वरात निघाली. नवरी म्पिगीला आरशासमोर, उजव्या कानाला स्वतःचा फोन, त्यात आई. डाव्या कानाला आत्याचा फोन, त्यात सेमांडा. त्याने आपला फोन गाडीत समोर ठेवून मोठा आवाज लावला होता आणि इंजिनाच्या वर ओरडत होता. आई आणि तो, दोघांत दोन हातांचं अंतर, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याकडे जायचं ते वीस मैलांचा वळसा घालून.

"त्याला सांग," उजव्या कानात आई, "मागे बाई बसली आहे, मटोक्याच्या केळ्यांचा घड नाही."

"आई म्हणते, जरा सावकाश," नाबातांझी डावीकडे म्हणाली.

"आणखी सावकाश गेलो तर आपल्या पोराच्या लग्नाला पोहोचू!" सेमांडा ओरडला.

"हो म्हणतो, आई."

लोक ध चा मा करतात, ही मा चा ध करत होती. बोलणारा काहीही बोलो, ऐकणाऱ्याच्या कानात मधच पडला पाहिजे, असा तिचा बेत. आत्या पट्टा आवळता आवळता हसू आवळत होती.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "त्याला विचार, लग्न झाल्यावर माझ्या मुलीला माझ्याकडे पाठवणार का? की शहरात कोंडणार?"

नाबातांझी सावरून बसली. दोन वर्षांत आईने विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तिने तो जसाच्या तसा पुढे दिला.

सेमांडा हसला. "मी पाठवणार? तिला? अगं, तू मला विचारून कधी कुठे गेलीस? तूच मला पाठवतेस. आजही तूच पाठवलंस, तेही कुठे, तर वाघाच्या गुहेत."

"नक्की पाठवीन म्हणतो, आई. दर महिन्याला."

"हं," आई म्हणाली.

"आणि आईंना सांग," सेमांडाचा आवाज एकदम उतरला, "मला त्यांची फार भीती वाटते. गियर टाकताना हात घसरतोय. त्यांनी एकटीने तुला शिकवलं, आणि मी फुकटात घेऊन चाललोय असं मलाच वाटतं. रात्री झोप नाही लागत मला."

नाबातांझीने डोळे मिटले. लग्नाच्या दिवशी सासूला असलं सांगतात का कोणी? "आई, तो म्हणतो, त्याला तुझ्याबद्दल अतिशय आदर आहे."

"हं," आई पुन्हा म्हणाली, आणि या वेळचं 'हं' मागच्यापेक्षाही कोरडं होतं.

वीटभट्टीच्या पुढे दलदलीचा उतार आहे. तिथे पिकअप रुतला. दोन्ही कानांत एकदम चाकांचा घर्र आवाज आला.

"त्याला सांग, खाली उतरायचं नाही," आई म्हणाली. "पांढरा कांझू आहे. मी ढकलते. मला कोण बघतंय?"

"आईंनी ढकलायचं आणि मी बसून राहायचं?" सेमांडा भडकला. "मी माणूस आहे की सिमेंटचं पोतं? जगाला काय तोंड दाखवू?"

"तो म्हणतो चालेल, आई."

मग उजवा फोन बंद पडला. डावाही. नाबातांझीने पुन्हा पुन्हा लावला. भिंतीवर काकांचं घड्याळ होतं, त्यात ती मिनिटं मोजत राहिली. पुढच्या अंगणात मुलाकडची मिनीबस आली, ढोल वाजला, बायका आत येऊन सांगून गेल्या की चला, चला. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. आई गाडीतून उतरून, गोमेसी उचलून, मागे फिरून घरी चालू लागली असेल, असंच तिच्या मनाने घेतलं. आणि तेव्हा तिला कळलं की आई आली नाही तर हे लग्न तिला नकोच आहे. सात रंगांचा कागद नको, गोमेसी नको, सेमांडाही नको. रडू आलं. डोळ्यांतलं काजळ पुसत आत्या म्हणाली, "रड, पण वर बघून रड."

अकराव्या मिनिटाला डावा फोन वाजला. "निघालो," सेमांडा म्हणाला आणि बंद.

साडेअकराला परसात केळीच्या आड गाडी थांबली. आई आत आली. गोमेसी कडक इस्त्रीची, चपलेलासुद्धा चिखलाचा ठिपका नाही.

"लुवोंबो एकही फुटलेलं नाही," आई म्हणाली.

तेवढ्यात पुढच्या अंगणात हशा पिकला. नाबातांझीने पडदा बोटभर सरकवला. मुलाकडच्या रांगेत सेमांडा नुकताच येऊन बसत होता. कांझू गळ्यापासून कमरेपर्यंत पांढरा आणि कमरेपासून खाली वीटभट्टीच्या रंगाचा. एका कानावरही चिखल होता. "आम्ही जावई मागितला होता," मुलीकडचे काका घसा खाकरून म्हणत होते, "तुम्ही विटा पाडणारा गडी आणलात. विटा तरी सोबत आणायच्या!" मुलाकडचा म्हातारा म्हणाला, "विटा मागाहून येतायत, पाव्हणं. तुमच्या मुलीच्या कागदावर त्यांची वेळ बाराची आहे."

"आई," नाबातांझी म्हणाली, "त्याने ढकललं? मग गाडी कोणी चालवली?"

"मी."

"तुला गाडी चालवता येते?"

"आता येते." आईने डोक्याचा रुमाल सरळ केला. "आधी बसायच्या जागेवर केळीचं पान अंथरलं. त्याचं बूड जिथे टेकलं तिथे मी कशी टेकणार? तो मागून ओरडत होता, डावा पाय, आता उजवा, हळू. बरा शिकवतो. तुझ्यासारखा चिडत नाही."

"म्हणजे तुम्ही बोललात?"

"बोललो नाही. तो गाडीशी ओरडत होता, मी गाडीत होते." आई तिच्याजवळ येऊन बसली. "आणि ऐक. त्या पिकअपच्या मागच्या खिडकीला काचच नाही."

नाबातांझीला हे कळायला जरा वेळ लागला. मग कानशिलं तापली.

"तो बोलला ते सगळं मी ऐकलं," आई म्हणाली. "आणि मग तू काय सांगितलंस तेही ऐकलं. दर महिन्याला पाठवीन म्हणे! अतिशय आदर म्हणे! दोन वर्षं तू मला हेच सांगत आलीस. शिकलेला, चांगला, आदर. एवढं गोड बोलतेय म्हणजे पोरगी काहीतरी झाकतेय, असं मला वाटायचं. रात्र रात्र जागायची मी. आदर काय, कर वसूल करायला येतो तोही दाखवतो. पण माझ्या मुलीला घेऊन जायची ज्याला भीती वाटते, झोप लागत नाही, त्याच्याकडे मुलगी देता येते. हे त्याचं त्याला बोलू दिलं असतंस तर दोन वर्षांपूर्वीच मी हो म्हटलं असतं."

नाबातांझी खाली सरकली. तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं, चिमट्यांसकट. आईने चिमटे चुकवत तिच्या केसांवरून हात फिरवला.

"हो म्हणतेस ना, आई?"

"हो म्हणते. ऊठ, केस बिघडतील."

बाहेर आत्या नवरा हुडकायला निघाली होती. चिखलाचा तोच, दुसरा कोण असणार, म्हणून बायका खिदळत होत्या. नाबातांझी उठली, डोळे पुसले, आणि तिचा मूळ स्वभाव जागा झाला.

"पण फोन बंद होते तेव्हा? अकरा मिनिटं होती. नुसतं डावा पाय, उजवा पाय अकरा मिनिटं कोण ओरडतं? आणखी काय म्हणाला तो? तू काय म्हणालीस?"

आई दारापर्यंत गेली होती. पातेल्यांकडे बघायचं होतं तिला.

"ते आमच्या दोघांतलं," ती म्हणाली.