वांगी शेडच्या दोन तारखा

दुपारी साडेतीनला सर्व्हर एकदाचा सुरू झाला. तो सांभाळणाऱ्या हर्षदाला आनंद व्हायला हवा होता. पण सकाळी आठपासून डोळे इतके चुरचुरत होते की तिने नुसती खुर्चीला पाठ टेकली.

इच्छापोरच्या या कापड रंगाईच्या कारखान्यातल्या नऊ हजार रेसिपी त्या एका यंत्रात होत्या : कुठल्या शेडला कुठला रंग किती ग्रॅम. सकाळी डिस्क गच्च भरून सर्व्हर अडकला. हर्षदाने बटण दाबून तो बंद केला आणि जागा करायची म्हणून लॉगच्या दोन भल्यामोठ्या फायली पुसून टाकल्या. लॉग म्हणजे जुन्या नोंदींचा कचरा, असं तिला वाटलं. मग सर्व्हर उठेचना, तेव्हा तिने वाचलं. केलेला बदल आधी लॉगमध्ये उतरतो, मूळ जागी सवडीने जातो. मध्येच लाइट गेली तर लॉग वाचूनच सर्व्हर स्वतःला सावरतो.

उरलेल्या फायलींची तिने आधी प्रत काढली. मग सर्व्हरला जबरदस्तीने उठवायला लागली. त्या जबरदस्तीच्या सहा पायऱ्या. दर पायरीला तो आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करतो. सहाव्या पायरीवर त्याने लॉग मागायचंच सोडून दिलं.

मॅनेजर नरेंद्रभाई दारातूनच म्हणाले, "आलं ना सगळं? वाह, हर्षदाबेन! शेठना मी सांगितलंय, लाइट गेली म्हणून पडला. सोमवारी तुमचे सहा महिने भरतात ना? कायमचा कागद करून टाकू."

त्यांच्यामागून डाइंग मास्तर पोपटमामा आत आले. लिंबायतचा माणूस, तीस वर्षं रंगात हात. "काय व्हयनं, पोरी? जेट मशीन कापडाने भरून उभं आहे. चौदाशे मीटर. वांगी शेड दे लवकर."

हर्षदाने वांगी उघडली. लाल रंगापुढे कालची तारीख होती. निळ्यापुढे गेल्या महिन्याची.

पण काल मामांच्या सांगण्यावरून तिने लाल वाढवला होता आणि निळा कमी केला होता, दोन्ही एकदमच. अर्धा बदल मूळ जागी पोचला होता, अर्धा लॉगबरोबर गेला होता. आणि पडद्यावर रेसिपी कशी स्वच्छ, नीटनेटकी दिसत होती!

परवापासून तिने अशा सतरा शेड बदलल्या होत्या. लाइट इथे महिन्यातून दोनदा जायची आणि सर्व्हर दर वेळी धडधाकट उठायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे लाइटची गोष्ट तशीच राहिली, तर त्या सतरांवर कुणीच शंका घेणार नव्हतं.

"मामा, ही रेसिपी घेऊ नका," ती म्हणाली. "लाइट गेली नव्हती. मीच बंद केला, आणि लॉग मीच पुसले. परवापासून बदललेल्या सतरा शेडचा भरवसा नाही."

नरेंद्रभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे बेन, माझ्यादेखत सांगायची काय गरज होती? आता शेठना काय सांगू?"

"हेच."

ते फोन कानाला लावत बाहेर गेले.

मामा चिडले. "इतकी शिकलेली, आणि न वाचता पुसलं? आमच्या मशीनवरच्या छगनने केलं असतं तर तूच हसली असतीस!"

"हो."

"लाज वाटते?"

"दमलेय मामा. लाज उद्या वाटेल."

मामा हसू दाबत खिडकीशी गेले आणि खाली ओरडले, "छगन, माल काढ बाहेर! दोन तास लागतील." मग वळून, "सगळ्यांचे नमुने रंगवूनच रेसिपी ताडू. नमुन्यांच्या मशीनला भांडी किती?"

"बारा."

"म्हणजे दोन खेपा. पहिली वांगी."

हर्षदाने काटा शून्यावर आणला. निळी भुकटी तोलायला घेतली, तेवढ्यात नरेंद्रभाई परतले.

"शेठ म्हणतात, सोमवारचा कागद राहू द्या. आणखी तीन महिने बघू."

तिने मान हलवली. चिमूटभर भुकटी जास्त पडली होती. ती काढून हर्षदा पुन्हा तोलू लागली.