रोटाला आलेली माणसं

खानदेशातल्या असोदा गावच्या ‘केळी भाव’ नावाच्या ग्रुपवर सकाळी केळीचा भाव येतो, आणि एकदा तो आला की दिवसभर काय वाटेल ते येतं. श्रावण लागला त्या आठवड्यात तिथे एक व्हिडिओ आला. कुठल्याशा बलाढ्य देशाची विमानं समुद्रापलीकडच्या एका बंदरावर बॉम्ब टाकत होती आणि खाली नुसता धूर होता. निम्म्या गावाने त्यावर हसरे चेहरे टाकले. ‘साफ करा एकदाचे,’ असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने तिथल्या लोकांच्या धर्मावरून आणि बायकांवरून असं काही लिहिलं, की सुगंधाबाईंनी फोन उलटा करून ठेवला. लिहिणारा गृहस्थ रोज सकाळी आंघोळ करून मारुतीला जाणारा होता, हे विशेष.

फोन उलटा ठेवून भागलं असतं तर बरं झालं असतं. पण सुगंधाबाईंचे यजमान, जीवराम नाना, फौजेतून निवृत्त झालेले. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी आपली फौज श्रीलंकेत गेली होती, तेव्हा तेही तिथे होते. त्याबद्दल घरात त्यांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी ओटीवर बसून फोन तोंडाजवळ धरला आणि ग्रुपवर आवाजातला निरोप टाकला. सुगंधाबाई दारात तांदूळ निवडत होत्या, त्यांनी तो जसाच्या तसा ऐकला.

“पोट्टेहो, हसू नका. मी गेलेलो हाये दुसऱ्याच्या देशात बंदूक घेऊन. आम्हाले सांगितलं होतं, तुम्ही त्यांच्या भल्यासाठी चालले. पहिल्या दिवशी त्यांनी हार घातले. सहा महिन्यांनी आम्ही त्यांच्या घरात शिरून धान्याच्या कोठ्या उपसत होतो. एका म्हातारीले मी दोन तास उन्हात उभं केलं. घरात काहीच सापडलं नाही. माझे दोस्त तिथं मेले, त्यांच्यासारखे शूर गडी मी पाह्यले नाही. पण ते मरून कोणाचं काय भलं झालं, हे मले अजून कोणी सांगितलं नाही. दुसऱ्याच्या घरात बंदुकीनं भलं करता येत नाही रे भो. त्या धुराखाली माणसं हायेत.”

अख्खा निरोप ऐकायला पुरता दीड मिनिटही लागत नाही. पण तेवढा वेळ तरी कोणाला आहे? संध्याकाळपर्यंत त्यातले बारा सेकंद कापून कोणीतरी गावाबाहेर सोडले. त्यात कोठ्या उपसणं होतं, म्हातारी होती, उन्हात उभं करणं होतं आणि पुढे काहीच नव्हतं. वर लाल अक्षरांत प्रश्न होता, ‘हा फौजी की गद्दार?’

उत्तर द्यायला लोक तयारच होते. नानांचं नाव खरं नसणार, धर्म बदललेला असणार, पेन्शन बंद करा, याची केळी तिकडच्या देशात जातात म्हणून याला त्यांचा पुळका. ज्यांना श्रीलंका नकाशात दाखवता आली नसती, ते नानांना युद्ध शिकवत होते. सुगंधाबाईंना एरवी याचं हसू आलं असतं. अनोळखी नंबरांवरून फोन येऊ लागले. उचलला की पलीकडून कोणी शिव्या द्यायचं, कोणी नुसतंच श्वास घेत राहायचं. दुसरं जास्त वाईट होतं.

हे सगळं नेमकं कानबाईच्या तोंडावर आलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर खानदेशची देवी कानबाई बसते. त्यासाठी अख्खं घर रंगवून काढतात, आणि भाऊबंद आपापल्या वाट्याचे गहू मोजून आणून देतात. त्या गव्हाचा रोट, म्हणजे जाडसर पोळी, होतो. तो भाऊबंदांनीच खायचा आणि संपवायचा. सून खाते, पण लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही तो देत नाहीत. नाना घराण्यात थोरले, म्हणून अकरा घरांची कानबाई त्यांच्याकडे बसायची. बुधवारी त्यांनी स्वतः शिडीवर चढून ओटीच्या भिंतीला हळदीसारखा पिवळा रंग दिला. गुरुवारी अकराही घरची माणसं गहू घेऊन आली, चहा पिऊन, नवा रंग बघून गेली.

शुक्रवारी सकाळी धुळ्याहून लेकीचा, कामिनीचा फोन आला.

“आई, आधी दार लाव. मागचंपण.”

‘खानदेशी वाघ’ नावाच्या कोणा एकाने नानांचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘घर सापडलं. रविवारी सूर्य मावळायच्या आत माफीचा व्हिडिओ आला नाही, तर उचलून आणू आणि चौकात मागायला लावू.’ चार हजार लोकांना ते आवडलं होतं. ‘आम्हीपण येतो’ म्हणणारे धुळ्याचे होते, एरंडोलचे होते, चोपड्याचे होते.

कामिनीने फोटो पाठवला. सुगंधाबाईंनी चष्मा पुसून तो पाहिला. नाना ओटीवर पाय पसरून बसले होते, हातात चहाची बशी होती आणि मागे पिवळी भिंत होती. फोटो जवळून, ओटीवरच बसून काढलेला होता.

पिवळी भिंत! त्या कोठीला टेकून खाली बसल्या. भिंत बुधवारी पिवळी झाली. त्यानंतर उंबरा ओलांडून आत आले ते फक्त भाऊबंद. हा वाघ धुळ्याचा नव्हता की चोपड्याचा नव्हता. त्याने त्यांच्याच हातचा चहा प्यायला होता.

नानांना दाखवलं तेव्हा त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला.

“रंग चांगला बसला,” ते म्हणाले.

“अहो, चेष्टा सुचते तुम्हाले? कोणी काढला असंल?”

“कोणीपण. अकरा घरं हायेत.”

“मंग मागून टाका ना माफी. दोन ओळी बोला आणि मोकळे व्हा. पाया पडते मी तुमच्या.”

“मागतो. पण कोणाची, ते सांग.”

हा वाद सुगंधाबाईंना नकोच होता, त्यांना नवरा हातीपायी धड हवा होता. त्या दोन दिवसांत त्यांनी किती वेळा हात जोडले याला गणती नाही. रडून झालं, अबोला धरून झाला, जेवण टाकून झालं. दारावरून मोटारसायकल हळू झाली की त्या स्वयंपाकघरातून धावत येत आणि ती पुढे गेली की चौकट धरून उभ्या राहत. पोलिसांत जावं असं कामिनी म्हणाली. पण नानांचा धाकटा भाऊ प्रेमराज मध्ये पडला. “वहिनी, घरची गोष्ट चव्हाट्यावर कायले नेता? आम्ही बठ्ठे भाऊबंद हायेत ना!” तो अगदी मनापासून बोलला. निदान तसं दिसलं.

हेच तर भयंकर होतं. प्रत्येक जण मनापासूनच बोलत होता. सख्ख्या पुतण्याने, भूषणने, सुगंधाबाईंचा फोन हातात घेऊन अनोळखी नंबर बंद करून दिले. भाऊबंदांतले कौतिक भाऊजी आपली काठी नानांच्या उशाशी ठेवून गेले. सुगंधाबाई प्रत्येकाकडे पाहत आणि मनात म्हणत, हाच असंल. मग लगेच स्वतःच्या गालात मारून घेत.

शनिवारी दळण आलं आणि पीठ चाळताना त्यांना सासूचं सांगणं आठवलं. मनात पाप असलेल्या माणसाच्या घशाखाली कानबाईचा रोट उतरत नाही, असं म्हातारीचं ठाम मत होतं. तिच्या एका चुलत दिराने भावाची बांधावरची झाडं लपूनछपून तोडली होती, तो त्या वर्षी पहिल्याच घासाला ठसका लागून पानावरून उठला, हे तिने स्वतः पाहिलं होतं. सुगंधाबाईंना एवढा आधार पुष्कळ झाला. उद्या आपणच वाढायचं, त्यांनी ठरवलं. जो अडखळेल तो सापडेल. सापडला की त्याचे पाय धरायचे, की बाबा रे, तूच लिहिलंस, तूच मागे घे.

रविवारी दुपारी कानबाई ओटीवर चौरंगावर बसली. नथ घातली, आरती झाली, पंगत बसली. अकरा घरचे एकोणतीस जण आले. कोणीही टळलं नाही. सुगंधाबाईंनी घराण्यातल्या सुनांना बाजूला सारलं आणि रोटाची परात स्वतः घेतली.

प्रेमराजच्या पानात रोट वाढून त्या तिथेच थांबल्या. त्याने कुस्करला, खीर घातली, घास घेतला. घास उतरला. कौतिक भाऊजींनी डोळे मिटून पहिला घास कपाळाला लावला आणि खाल्ला. भूषणने गंगाफळाच्या भाजीबरोबर दोन घासांत अर्धा रोट संपवला. “काकू, औंदा रोट झकास झाला,” तो म्हणाला. सुगंधाबाई पुढे सरकत राहिल्या. त्या चेहरे पाहत नव्हत्या, गळे पाहत होत्या. म्हाताऱ्यांचे सुरकुतलेले, पोरांचे नुकते दाढी केलेले. एकही अडखळला नाही. एकालाही ठसका लागला नाही. पाणीसुद्धा कोणी मागितलं नाही.

परात रिकामी झाली. एक सापडेल म्हणून त्या निघाल्या होत्या. आता समोर एकोणतीस जण बोटं चाटत बसले होते, आणि त्यातला कोण, हे कानबाईलाही सांगायचं नव्हतं.

प्रेमराज खाकरला.

“भाऊ, तेवढं उरकून घेऊ. देवीसमोरच. भूषणनं लिहून आणलं हाये.”

भूषणने खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. “नाना, चौकात पोट्टे जमले हायेत. मी त्यांना थांबवून धरलंय, पण ते किती थांबतील? चार ओळी हायेत फक्त.”

पंगतीत कोणी दचकलं नाही. कागद येणार हे सगळ्यांना माहीत होतं. सुगंधाबाईंना ते तेव्हा कळलं. फोटो कोणी का काढला असेना, कागद सगळ्यांचा होता.

नानांनी कागद घेतला नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं विचारल्यासारखं. तू म्हणत होतीस, आता सांग.

नको, असं म्हणायचं होतं त्यांना. वाचू नका, येऊ दे ज्याला यायचं त्याला, मी दारात उभी राहते. सगळं जिभेवर आलं होतं. त्याच वेळी बाहेर मोटारसायकलींचा आवाज झाला, दोन की तीन, आणि सुगंधाबाईंचे हात आपोआप जोडले गेले. दोन दिवस जोडत होत्या तसेच.

नानांनी चष्मा लावला, कागद घेतला, उठून पिवळ्या भिंतीला पाठ लावली आणि सावधान उभे राहिले. भूषणने फोन धरला. नानांनी वाचलं. मी देशाचा आणि फौजेचा अपमान केला. माझं वय झालं आहे, माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे. मी पुन्हा अशा विषयावर बोलणार नाही. आवाज खणखणीत होता, एकही शब्द चुकला नाही.

“झालं!” प्रेमराज म्हणाला, आणि पंगतीतून सुटका झाल्याचा हुंकार आला. पोरं हात धुवायला उठली. जाताना प्रत्येकाने वाकून नानांच्या पायाला हात लावला.

भूषण मात्र फोन खिशात टाकून पुन्हा पानावर बसला.

“काकू, रोट उरला असंल तर आण ना. संपवायला पाहिजे.”

सुगंधाबाई आत गेल्या, झाकून ठेवलेला शेवटचा रोट घेऊन आल्या आणि त्याच्या पानात वाढला. या वेळी त्याचा गळा पाहायला त्या थांबल्या नाहीत.