आरशावरचा कोट

“खा ना रे राजा! असा काय बघतोस? माझ्या मागं कोण उभं आहे?”

वेतुरियाने चिमट्यात धरलेला रातकिडा पाय झाडत होता. काचेच्या पेटीतल्या पाशाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरडा तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. बघता बघता त्याच्या गळ्याची काटेरी दाढी फुगली, कोळशासारखी काळी झाली आणि त्याने मान वरखाली हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी.

वेतुरिया वळली. मागे कपाट होतं. कपाटाच्या आरशात काळा रुमाल बांधलेली ती स्वतःच होती. बाकी कुणी नव्हतं.

पाशा साबिनचा, तिच्या नवऱ्याचा. गलात्सच्या बंदरात जन्मभर क्रेन चालवून साबिन निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या सोबतीचे लोक मासे धरायला बसले. याने वाळवंटातला दाढीवाला सरडा घरी आणला. “आता तुझी बडबड ऐकायला कुणीतरी असेल,” असं वर बायकोलाच म्हणाला. सहा वर्षं त्या दोघांचं गूळपीठ होतं. वसंत लागता लागता साबिन गेला.

वेतुरियाने सगळं रीतीप्रमाणे केलं. गेलेल्याचा जीव आरशात अडकू नये म्हणून त्याच संध्याकाळी आरशावर चादर टाकली. चाळिसाव्या दिवशी पाद्रीबाबा आले, शिजवलेल्या गव्हाचा गोड कोलिवा वाटला, साबिनचे कपडे गरिबांना दिले. बंदरावरचा जाड कोट चर्चची घंटा वाजवणाऱ्याला गेला. मग तिने चादर काढली, धुतली, घडी करून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून पाशाने अन्न सोडलं.

“धन्याच्या मागं चाललाय तो,” शेजारची साफ्ता दारातूनच म्हणाली. पेटीजवळ यायला ती घाबरायची. “माझ्या दिराचा कुत्रा असाच गेला.”

“कुत्रा कुठं, सरडा कुठं! काहीतरीच तुझं.”

“का, सरड्याला जीव नसतो? मग तो मान कुणाला हलवतो, सांग की!”

पाशाच्या शेपटीच्या मुळाशी हाडं दिसू लागली होती. साफ्ता गेल्यावर ती भर दुपारी, दिवसाउजेडी, कपाटासमोर उभी राहिली.

“साबिन, याला नेऊ नकोस,” ती हळूच म्हणाली. “घरात दुसरं श्वास घेणारं कुणी नाही रे.”

पेटीत पाशाने मान हलवली.

तिने बुटांच्या खोक्यात टॉवेल अंथरला, गरम पाण्याची बाटली ठेवली आणि त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर रुक्सांद्रा तिच्या मुलीच्या वयाची होती. तिने पाशाचं तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं, शी तपासली. “थंडीतली झोप म्हणावी तर उन्हाळा आलाय. जंत नाहीत. दिवा जुना झालाय का, मावशी? उजेड पडतो, पण जुन्या दिव्यात त्यांना लागणारं ऊन उरत नाही.”

“नाताळातच बदललाय. यांनीच.”

डॉक्टरने पाशाला दिव्याखाली ठेवलं आणि सहज एक रातकिडा पुढे धरला. जीभ लवलवली. कुर्रकन आवाज झाला. मग दुसरा. मग तिसरा.

वेतुरिया दिव्यापाशी वाकली. “मेल्या, घरी काय झालं होतं तुला?”

“दुखणं याच्यात नाहीच, मावशी. घरात काय बदललं?”

“घरातला माणूस गेला. पण त्यानंतरही हा खात होता.”

“मग खाणं सुटलं त्याच्या आदल्या दिवशी काय केलंत?”

“चाळिसावा. सगळे करतात तेच. कपडे दिले. आरशावरची चादर काढली.”

“आरसा पेटीसमोर आहे?”

“अगदी समोर.”

“मग याला तिथं दुसरा सरडा दिसतो. आपल्या जागेत घुसलेला. हा दाढी काळी करून, मान हलवून धमकावतो, तर तोही धमकावतो. हलतच नाही तिथून. दिवसभर असा वैरी समोर असल्यावर घास उतरेल कसा?” डॉक्टरने पाशाला खोक्यात ठेवलं. “पण साहेब होते तेव्हा आरशाचं काय करायचे?”

वेतुरियाला तो बंदरावरचा कोट आठवला.

आरशावर कोट असायचा. ऐन उन्हाळ्यातसुद्धा. “दारामागं खुंटी काय शोभेला ठोकलीय?” म्हणून ती रोज करवादायची. “आरशाला थंडी वाजते,” साबिन म्हणायचा. ती कोट उचलून खुंटीला लावायची; तिची पाठ वळते न वळते तोच तो पुन्हा आरशावर. सहा वर्षं तिने ते आडमुठेपण म्हणून सोसलं होतं.

जिन्यात साफ्ता वाट बघत होती. “काय म्हणाली? जगेल ना?”

“जगेल.”

“आणि ते मान हलवणं?”

“काही नव्हतं ते,” वेतुरिया म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिने धुतलेली चादर काढली, हातात धरली आणि परत ठेवली. मग आपला तपकिरी कोट हँगरला लावून कपाटाच्या दारावर अडकवला. आरसा झाकला गेला.

पाशा बराच वेळ बघत राहिला. हळूहळू त्याच्या दाढीचा काळा रंग उतरला. तिने चिमटा पुढे केला. कुर्रकन आवाज झाला.

“अजून?”

तो अजून एक खाऊन दिव्याखाली सुस्तावला. वेतुरिया कोटाकडे पाठ करून त्याची मान हलते का ते बघत राहिली. मान हलली नाही. ती आणखी थोडा वेळ थांबली.

मग उठली आणि कोटाची दुमडलेली बाही सरळ केली, साबिन कामावर निघताना त्याची करायची तशी.